सोलापूरहून महाबळेश्वरला जाताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न, माहेरवाशिणीची उत्तरं

माझं माहेर महाबळेश्वरजवळचं आणि सासर सोलापूरचं. जुळे सोलापुरात ऊन तापायला लागलं की शेजारी, जावा-नणंदांच्या ओळखीतले, मुलांच्या शाळेतले पालक असे सगळे तेच तेच प्रश्न घेऊन येतात. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून इथं नीट लिहून ठेवते. दर आणि भाडी सारखी बदलतात, ती इथं दिलेली नाहीत. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यावर बेतलेली आहेत. महाबळेश्वर सकाळी नऊच्या आत आणि शक्य तितकं पायी बघायचं. दहानंतर तिथं दिसते ती बहुतेक गर्दीच.

जायला सगळ्यात चांगला काळ कोणता?

गड्ड्याची जत्रा उरकली, की निघा. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ मला सगळ्यात जास्त आवडतो. हवा स्वच्छ असते, स्ट्रॉबेरी भरात असते, नाताळची गर्दी ओसरलेली असते आणि शाळांच्या परीक्षा तोंडावर असल्यामुळे हॉटेलवाले भावाचं बोलायला तयार असतात. ऑक्टोबरच्या शेवटापासून दिवाळीची सुट्टी लागेपर्यंतचे दिवसही छान. पाऊस नुकताच गेलेला असतो, डोंगर हिरवे असतात आणि ओढ्यांना पाणी असतं. डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, तर वेण्णा तलावाच्या काठी पहाटे दवबिंदू गोठतात. गवतावर आणि गाड्यांच्या टपावर पांढरा थर दिसतो. दरवर्षी होईलच असं नाही, आणि ऊन वर आलं की लगेच वितळतो.

आम्हाला सुट्टी फक्त मे महिन्यातच मिळते. मग जायचंच नाही का?

जा की. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. नऊशे मीटर वर चढलं की हवा सहा-सात अंशांनी उतरते आणि झाडी दाट असल्याने त्याहून जास्तच उतरल्यासारखी वाटते. आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत रात्रीही भिंती तापलेल्या असतात. तिथं दुपारी ऊन लागतं, पण संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना तेवढाही फरक फार सुखाचा होतो.

फक्त शनिवार-रविवार टाळा. सोमवारी पोहोचून गुरुवारी सकाळी खाली उतरा. मेमधल्या शनिवारी वेण्णा तलावापासून बाजारपेठेपर्यंत गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात आणि मुलं गाडीतच कंटाळून जातात. मेच्या शेवटी वळवाचे ढग यायला लागतात, बाजारात करवंदं आणि जांभळं येतात. त्या दिवसांतलं महाबळेश्वर फार सुंदर असतं.

पावसाळ्यात?

पाऊस बघायला जायचं असेल तर जरूर. पॉइंट बघायला जायचं असेल तर नको. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सोलापुरात वर्षभरात जेवढा पडतो, तेवढा तिथं जुलैतल्या एखाद्या जोरदार आठवड्यात पडून जातो. पॉइंटवर उभं राहिलं तर समोर नुसतं पांढरं धुकं असतं, वेण्णा तलावातल्या बोटी बंद असतात, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. पण आपल्या कोरड्या भागातल्या माणसानं आयुष्यात एकदा तरी तो पाऊस बघावा. खिडकीशी बसायचं, गरम काहीतरी खायचं आणि लिंगमळ्याचा धबधबा तेवढा बघून यायचा. कठड्याच्या पलीकडे जायचं नाही. दमेकऱ्यांनी मात्र ओलसर खोलीत राहण्याचं धाडस करू नये. पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटात दरडी कोसळतात, त्यामुळे प्रतापगडाचा बेत ठरवण्याआधी रस्ता चालू आहे का, ते विचारून घ्या.

सप्टेंबरात जमलं तर साताऱ्यात मुक्काम करून कास पठाराची फुलं आणि मग महाबळेश्वर असं दोन्ही होतं.

सोलापूरहून कोणत्या रस्त्यानं जावं?

अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. थांबत थांबत सहा-सात तास धरा. पुण्याला जाऊन तिथून महाबळेश्वर करणारे पुष्कळ आहेत, पण त्यात शंभरेक किलोमीटरचा फेरा पडतो आणि पुण्याची वाहतूक पदरी येते. त्याऐवजी दोन रस्ते आहेत.

पहिला, पुणे हायवेनं मोहोळ, टेंभुर्णी, तिथून अकलूज, माळशिरस, नातेपुते, फलटण आणि मग आदर्की-वाठारवरून वाई. वाईतून पसरणी घाट चढला की पाचगणी आणि पुढे महाबळेश्वर. दुसरा, पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, सातारा. साताऱ्याहून वाईवरून वर जाता येतं किंवा मेढा-केळघरवरून थेट.

मला जाताना पंढरपूरचा रस्ता आवडतो. पहाटे चारला निघालं की पंढरपूर अंधारातच मागे पडतं, माणदेशात उजाडतं, आणि गोंदवल्यात ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन चहाला थांबता येतं. माण-खटावच्या उघड्या माळावरून निघून दुपारपर्यंत दाट झाडीत शिरायचं, हा बदल मुलांना आवर्जून दाखवा. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला टँकरची वाट बघणारी गावं आहेत आणि दुसऱ्या टोकाला देशातला नावाजलेला पाऊस. ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि पूर्वेकडे येईपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. सोलापूर कोरडं का, हे मुलांना त्या रस्त्यावर चटकन कळतं.

आषाढी वारीच्या दिवसांत पहिला रस्ता धरू नका. माउलींची पालखी फलटण, नातेपुते, माळशिरसवरून येते, तुकोबांची अकलूजवरून. त्या वाटेवर वारकऱ्यांचाच हक्क, गाड्या वळवलेल्या असतात.

स्वतःची गाडी नाही. एसटीनं जमेल का?

छान जमतं. साताऱ्याला उतरायचं, तिथून महाबळेश्वरच्या गाड्या मिळतात. चढण्याआधी कंडक्टरला विचारा, ‘मेढ्यावरून की वाईवरून?’ मेढ्याची लवकर पोहोचते. वाईची गाडी पाचगणीवरून जाते, त्यामुळे पाचगणीत उतरायचं असेल तर तीच घ्या. वर पोहोचल्यावर स्टँडजवळ टॅक्सीवाले पॉइंट दाखवायला मिळतात. कोणते पॉइंट, किती वेळ आणि किती पैसे, हे बसण्याआधी पक्कं करा. आणि त्यांना सांगा, ‘सकाळी सहाला निघायचंय.’ बरेच जण नऊ म्हणतील. सहाला तयार होणारा ड्रायव्हर मिळेपर्यंत विचारत राहा.

घाटात मुलांना उलट्या होतात. काय करावं?

पसरणी घाटाआधी वाईत थांबा. ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या, कृष्णेच्या घाटावर पंधरा मिनिटं पाय मोकळे करा. पोट रिकामं नको आणि तट्ट भरलेलंही नको. तळलेला वडापाव खाऊन घाट चढलात, की उलटी झालीच म्हणून समजा. कडक भाकरीचा तुकडा किंवा आवळा सुपारी तोंडात असू द्या. मुलांना मोबाईल देऊ नका, समोर बघायला सांगा आणि काचा उघडा. चालवणाऱ्यासाठीही सांगते: चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरताना गाडी न्यूट्रल करायची नाही, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि धुक्यात दिवे खालचेच ठेवायचे. वरचे दिवे लावले की धुकंच उजळतं, रस्ता दिसत नाही. आपल्याकडच्या सरळ, सपाट रस्त्यांवर चालवणाऱ्याला घाटाची सवय नसते. अंधार पडायच्या आत वर पोहोचा.

किती दिवस पुरतात? सगळे पॉइंट बघून होतील का?

तीन रात्री घ्या. पॉइंट मोजू नका. विल्सन, केट्स, आर्थरसीट, एल्फिन्स्टन, लॉडविक, बॉम्बे, हेलन अशी यादी खूप मोठी आहे आणि एका दिवसात बारा पॉइंट उरकलेल्या माणसाला रात्री विचारलं, तर एकाचंही धड वर्णन करता येत नाही. चारच निवडा आणि प्रत्येक ठिकाणी तासभर बसा.

ऊन कुठून येतं त्यावरून वेळ ठरवा. आर्थरसीट पश्चिमेकडे, सावित्रीच्या खोऱ्यावर आहे. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि समोरचे कडे थरांसकट उजळतात. दुपारनंतर कोकणातून धूसर वाफ वर चढते आणि तेच दृश्य फिकट होतं. तिथं दरीतून वर येणारा वारा इतका जोरात असतो, की वाळलेलं पान सोडलं तर ते खाली न जाता उडून डोक्यावर येतं. मुलांना पानच द्या, बाटलीची झाकणं टाकू नका. केट्स पॉइंटचं उलटं आहे. तो पूर्वेला कृष्णेच्या खोऱ्याकडे आणि धोम धरणाच्या पाण्याकडे बघतो, त्यामुळे तिथं दुपारी चारनंतर जा. सूर्योदयाला विल्सन पॉइंट, तो इथला सर्वात उंच. सूर्यास्ताला सगळे बॉम्बे पॉइंटला जातात. मी लॉडविकला जाते. तिथून हत्तीच्या माथ्यासारखा कडा दिसतो आणि टोकापर्यंतची पायवाट चालायला सोपी आहे.

आर्थरसीटहून परत येताना क्षेत्र महाबळेश्वरला थांबा. बाजारपेठेपासून सहा-सात किलोमीटर. बरेच जण पाच मिनिटांत उरकतात, मला त्याचं फार वाईट वाटतं. पंचगंगेचं देऊळ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणानं बांधलं असं सांगतात. काळ्या दगडाची, कायम ओली फरशी, पायाला गारठा लागतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या नद्यांचं पाणी एकत्र होऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतं. सकाळी सातला गेलात तर पुजाऱ्यांशिवाय कोणी नसतं आणि पाण्याचा आवाज ऐकू येतो. सोलापूरकरांसाठी त्यात आणखी एक जिव्हाळा आहे. भीमाशंकरला उगवून पंढरपुरात चंद्रभागा होणारी आपली भीमा पुढे कर्नाटकात, रायचूरच्या बाजूला याच कृष्णेला मिळते. शेजारीच महाबळेश्वराचं मूळ देऊळ आहे आणि थोडं चालत गेलं की कृष्णाबाईचं. कृष्णाबाईच्या देवळात गर्दी नसते, तिथून दरी सुंदर दिसते.

चालताना जंगलाकडेही बघा. हिरडा, जांभूळ, अंजनी ही इथली झाडं. उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ चिकटलेले असतात. मान वर करून चाललं तर शेकरू दिसू शकतं, आपला राज्यप्राणी. गाणी लावून गेलात तर काही दिसणार नाही.

प्रतापगड एका दिवसात होतो का?

अर्ध्या दिवसात होतो. महाबळेश्वरहून चोवीसेक किलोमीटर, सगळा घाट. सकाळी लवकर जा, साडेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि अकरानंतर दगड तापतो. १६५६ मध्ये गड बांधून झाला, १० नोव्हेंबर १६५९ ला पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. पण गडावरची भवानी बघताना आपल्याला वेगळंच वाटतं. तुळजापूर आपल्यापासून तासाभरावर. ते तेव्हा आदिलशाही मुलखात होतं, दर्शनाला जाणं सोपं नव्हतं, म्हणून महाराजांनी भवानीची मूर्ती घडवून इथं स्थापना केली. दर नवरात्रात चालत तुळजापूरला जाणाऱ्या घरातल्या माणसांना तर इथं आवर्जून न्या.

आजी-आजोबांना घेऊन जाता येईल?

हो, पण त्यांच्या गुडघ्यांप्रमाणे बेत आखा. पाचगणीच्या टेबललँडवर गाडी बरीच वरपर्यंत जाते आणि पुढे सगळं सपाट पठार आहे. क्षेत्र महाबळेश्वर, वेण्णा तलावाचा काठ, केट्स पॉइंट त्यांना जमतात. प्रतापगडाच्या पायऱ्या आणि लिंगमळ्याची उतरण नको. भिलारला नक्की न्या. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. गावातल्या घरांत, देवळांत मराठी पुस्तकं मांडून ठेवली आहेत, कुठंही बसून वाचता येतं. वाचणारे आजोबा तिथं अख्खी दुपार काढतील आणि तुम्ही तेवढ्यात मुलांना शेतात फिरवून आणाल.

राहायचं कुठं?

पहिल्यांदाच जाणारे, एसटीनं जाणारे, संध्याकाळी बाजारात फिरायची हौस असलेले लोक बाजारपेठेत राहोत. बाकीच्यांनी भिलार, मेटगुताड, भोसे, अवकाळी अशा गावांतली घरगुती राहण्याची सोय बघावी. स्ट्रॉबेरीच्या शेताला लागून खोली, समोर दरी आणि घरचं जेवण. आणखी शांतता हवी असेल तर तापोळ्याला कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी जा. रस्ता वळणावळणाचा आहे, मोबाईलला नीट रेंज नसते आणि रोख पैसे जवळ हवेत. खोली ठरवताना तीन गोष्टी विचारा: गरम पाणी किती वाजता, गाडी कुठं लावायची, आणि खिडकी कुठं उघडते. ‘व्हॅली व्ह्यू’ म्हणतात त्या खोलीतून कधी कधी शेजारच्या हॉटेलचा जिनाच दिसतो. फोटो मागवून घ्या.

थंडीला सोलापुरी चादर नेऊ का?

उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात न्याच. बाहेर ओट्यावर बसायला, गाडीत मुलांच्या अंगावर टाकायला तिच्याइतकी चांगली वस्तू नाही. पावसाळ्यात नको. जाड सुती विणीची चादर एकदा दमट झाली की तिथं वाळतच नाही आणि कुबट वास धरते. तेव्हा लोकरीचं पांघरूण बरं. शिवाय प्रत्येकाला स्वेटर, कानटोपी आणि घसरणार नाहीत असे बूट. देवळाच्या फरशीसाठी जाड मोज्यांचा एक जास्तीचा जोड.

खाण्याचं काय? आमच्याकडे भाकरीशिवाय चालत नाही.

बाजारपेठेतल्या हॉटेलांत गुजराती थाळी आणि पंजाबी भाज्याच जास्त. गावातल्या घरांत नाचणी-ज्वारीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा मिळतो, फक्त आदल्या दिवशी सांगून ठेवा. घरून कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या. कडक भाकरी तिथल्या दमट हवेत मऊ पडते, म्हणून डब्याचं झाकण घट्ट हवं. शेंगा चटणीचा एक जास्तीचा पुडा न्या आणि ज्यांच्याकडे राहाल त्यांना द्या. माझ्या माहेरी ती दुसऱ्या दिवशीच संपते. तिथं खावं ते म्हणजे गरम फुटाणे, उकडलेला मका आणि हंगामात क्रीम घातलेली स्ट्रॉबेरी.

स्ट्रॉबेरी घ्यायची कशी आणि सोलापूरपर्यंत न्यायची कशी?

यावर सगळ्यात जास्त फसवणूक आणि सगळ्यात जास्त नासाडी होते, म्हणून सविस्तर सांगते.

हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च, थोडी अलीकडे-पलीकडे. पाऊस ओसरता ओसरता गादीवाफ्यांवर रोपं लावतात, वाफ्यावर काळा प्लास्टिकचा कागद, खाली ठिबक. फळ मातीला टेकू नये म्हणून तो कागद. तोडणी भल्या पहाटे, ऊन चढायच्या आत, देठासकट होते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

घेताना डबा उलटा करून तळ बघा. वर मोठी फळं रचलेली असतात आणि खाली बारकी, मऊ. तळाला लाल पाणी सुटलेलं असेल तर तो डबा सोडा. देठाची हिरवी पानं ताठ हवीत, सुकलेली म्हणजे कालचा माल. देठाजवळ पांढरा पट्टा असलेलं फळ अर्धं कच्चं तोडलेलं असतं. ते घरी ठेवून लाल झालं तरी गोड होत नाही, कारण स्ट्रॉबेरी तोडल्यावर आंब्यासारखी पिकत नाही. वास घ्या. चांगल्या फळाचा वास हातभर अंतरावरून येतो. आकारावर जाऊ नका, मध्यम फळ बहुतेक वेळा जास्त गोड असतं.

सोलापूरला न्यायची असेल तर परतीच्या सकाळीच घ्या, थेट शेतावरून. धुवू नका. पाणी लागलेलं फळ संध्याकाळपर्यंत बुरशी धरतं. पसरट डब्यात एकाच थरात लावा, खाली कागद. डिकीत ठेवू नका. फलटणच्या पुढे डिकी भट्टीसारखी तापते. एसी चालू असेल तर पायाशी ठेवा. घरी आल्यावर मऊ पडलेली वेगळी करून त्याच रात्री साखर घालून शिजवा, बाकीची फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतात. शेतात शिरताना मालकाला विचारा आणि वाफ्यावर पाय देऊ नका, खाली ठिबकची नळी असते.

आणखी काय आणावं?

मध. मांघर या गावाला २०२२ पासून मधाचं गाव म्हणून ओळख मिळाली आहे, तिथं पेट्या कशा ठेवतात हेही बघायला मिळतं. जांभळाच्या फुलोऱ्याचा मध थोडा कडवट लागतो, तो खराब नसतो. बाजारपेठेत चामड्याच्या चपला चांगल्या मिळतात. सरबतं आणि जॅम सोलापुरातही मिळतात, तेवढ्यासाठी बॅग जड करू नका.

घोडे आणि बोटिंग?

वेण्णा तलावात बोटिंगला सकाळी पहिल्या तासात जा, नंतर रांग असते. घोड्यावर बसण्याआधी दर फेरीचा की वेळेचा ते विचारा. घोडा लंगडत असेल किंवा पाठीवर जखम असेल तर बसू नका आणि का बसत नाही ते मालकाला सांगा. लहान मुलाला एकट्याला पळवू देऊ नका, लगाम माणसाच्याच हातात हवा.

माकडांचा त्रास होतो का?

हातात पिशवी दिसली की होतो. पॉइंटवर खाणं काढू नका, गाडीच्या काचा बंद ठेवा, चष्मा सांभाळा. त्यांना खायला अजिबात घालू नका. शेंगदाणे टाकणाऱ्यांमुळेच ती अंगावर यायला शिकली आहेत आणि त्याचा त्रास तिथं रोज राहणाऱ्या शाळकरी पोरांना होतो. महाबळेश्वर-पाचगणी हा २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग आहे. कुरकुऱ्यांची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, डायपर दरीत जातात, ओढ्यात जातात आणि पुढे त्याच पाण्याबरोबर वाहत खाली येतात. गाडीत एक रिकामी गोणी ठेवा, सगळा कचरा तिच्यात भरा आणि खाली वाईत किंवा साताऱ्यात कचरापेटी दिसेल तिथं रिकामी करा.